रोडग्यांचं बोलावणं

मे महिन्यात अकोल्याला एक विचित्र आनंद होतो. संध्याकाळच्या बातम्यांत देशाचा नकाशा येतो, त्यावर आमच्या गावाचं नाव सगळ्यात वर, लालभडक, आणि ते चित्र घराघरांतून फोनवर फिरायला लागतं. पोरगं बोर्डात पहिलं आल्यासारखं लोक ते एकमेकांना पाठवतात. एका वर्षी एक बातमीदार भरदुपारी चौकात गाडीच्या टपावर पापड भाजायला आला होता. पापड काही भाजला जाईना, तेव्हा त्यानं शेजारच्या हॉटेलातून तळलेला पापड आणून टपावर ठेवला आणि बातमी केली. मी समोर औषधाच्या दुकानात उभी होते, सगळं या डोळ्यांनी पाहिलं. संध्याकाळी तोच पापड आमच्या स्टाफरूमच्या ग्रुपवर आला, खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते. हवामान हा माझ्या पोटापाण्याचा विषय आहे आणि रागाचाही. ‘ऊन आपल्याकडे नेहमीचंच’ असं म्हणणाऱ्यांशी मी स्टाफरूममध्ये, लग्नाच्या पंगतीत, एसटीत, सगळीकडे भांडले आहे. ऊन होतंच, कोण नाही म्हणतं? पण आम्ही लहानपणी अंगणात बाजा टाकून झोपायचो तेव्हा पहाटे पायाशी गोधडी लागायची. आता पहाटे घराच्या भिंतीला हात लावून बघा. त्यावर कोणी बातमी करत नाही, कारण भिंतीवर पापड ठेवता येत नाही.

तर मागच्या उन्हाळ्यात मला अमरावतीच्या एका छोट्या बातमीवाहिनीतून फोन आला. जिल्ह्यापुरती वाहिनी, केबलवर आणि फोनवर दिसणारी. बोलणारी निवेदिका आवाजावरून माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची वाटली. त्यांनी चर्चा ठेवली होती. तिचं नाव, ‘हवामान बदल: खरा की नुसता बाऊ?’

‘मॅडम, तुम्ही खरा या बाजूला,’ ती म्हणाली.

‘आणि बाऊ या बाजूला कोण?’

‘एक प्रगतिशील शेतकरी आहेत. आमच्या माणसानं वलगावच्या चौकात त्यांचा व्हिडिओ घेतला होता, तो खूप चालला.’

‘तुमच्या आजीचा मोतीबिंदू काढायचा असला की डॉक्टरसमोर मोतीबिंदू नाहीच म्हणणारा एखादा बसवता का?’

ती हसली. ‘मॅडम, दोन्ही बाजू लागतात. नाहीतर लोक बघत नाहीत.’

नवरा म्हणाला, कशाला जातेस, तुझं रक्त उगाच आटतं. त्याचं बरोबर होतं, पण मी नाही म्हटलं असतं तर त्या खुर्चीत कोणीतरी मवाळ बोलणारा जाऊन बसला असता. मवाळपणाचा मला कंटाळा आला आहे. सकाळची बस धरून मी अमरावतीला गेले.

वाहिनी म्हणजे मोबाइलच्या दुकानावरची एक लांबट खोली होती. आत शिरले तर सोफ्यावर कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून एक गृहस्थ बसले होते आणि एक मुलगा त्यांच्या गालांना पावडर लावत होता. गृहस्थांनी मान वळवली. तो माझा सख्खा मोठा भाऊ होता.

‘तू काय करून राह्यली इथं?’ तो म्हणाला.

‘भांडायले आली,’ मी म्हटलं. ‘तुह्याशीच दिसते.’

‘मले तं सांगतलं, अकोल्याची कोनी मॅडम येणार हाये.’

‘मंग मी कोण हावो?’

लग्नानंतर आडनाव बदललेलं, त्यामुळे वाहिनीला पत्ता नव्हता. आता लागला. निवेदिकेचा चेहरा असा उजळला की मला तिथेच उठून जावंसं वाटलं. ती आतल्या खोलीत तिच्या सरांना सांगायला पळाली.

त्याच्या त्या व्हिडिओतलं बोलणं मी आधी ऐकलं असतं तर बरं झालं असतं. सोफ्यावर त्यानं ते मला स्वतःच दाखवलं, आणि जरा ऐटीतच दाखवलं. त्यात तो म्हणत होता, ‘बदल गिदल काई नाई. पाऊस कधी मागं, कधी पुढं, हे आमचा बापही पायत होता. हे सगळं बाहेरच्या लोकायचं नाटक हाये.’ मागे चहाच्या टपरीवरची माणसं माना डोलावत होती.

इथे आमच्या बागेबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

रिद्धपूरच्या रस्त्याला आमचं शेत आहे, आणि त्यात वडिलांनी लावलेली संत्र्याची बाग. आंबिया बहाराची संत्री घ्यायची तर हिवाळ्यात, पुसात म्हणजे पौष महिन्यात, झाडांना ताण द्यावा लागतो, म्हणजे पाणी बंद करायचं. काळी जमीन ओल धरून ठेवते, म्हणून आमच्याकडे हा ताण लांबतो. पानं मलूल होतात, पिवळी पडतात, काही गळतात, आणि बघणाऱ्याचा जीव खालीवर होतो. मग एक दिवस ताण तोडायचा, पाणी सोडायचं. थोड्याच दिवसांत झाडं फुलांनी पांढरी होतात, आणि बांधावर उभं राहिलं तरी वास येतो. मात्र मध्येच झाडाला पाणी मिळालं तर फुलांऐवजी नुसती पालवी फुटते. दिसायला बाग हिरवीगार, पण त्या वर्षी हाती काही नाही.

माझ्या आईला झाडांची दया यायची. ताणाच्या दिवसांत ती हळूच मोटर चालू करेल म्हणून वडील मोटरचा फ्यूज काढून देवघरात देवीच्या मागे ठेवत. देवघरातली वस्तू आई न विचारता उचलणार नाही, हे त्यांना माहीत होतं. ताण तोडायच्या दिवशी ते अंघोळ करून फ्यूजला हळदकुंकू लावत आणि आम्ही सगळे बागेत जायचो. मोटर सुरू झाली, दांडाला, म्हणजे मातीच्या पाटाला, पाणी लागलं की तिथेच रोडगे. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजायचे, राख झटकून तुपात बुडवायचे, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. सासरी गेलेल्या लेकीला त्या दिवशी बोलावणं असायचंच. वडील गेल्यावर बाग भावाकडे आली, आणि फ्यूजही. पुढे ठिबक आलं, दांड गेले, पण फ्यूज देवघरातच जात राहिला आणि बोलावणं दर वर्षी येत राहिलं.

दोन वर्षं ते आलं नव्हतं. पहिल्या वर्षी मला वाटलं, कामात विसरला असेल. दुसऱ्या वर्षी मी वहिनीला फोन केला. ती इकडचं तिकडचं बोलली, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली आणि फोन ठेवला. वहिनी बोलघेवडी बाई आहे. तिनं बागेचा विषय टाळला तेव्हाच मला समजायला हवं होतं.

चर्चा सुरू झाली. सुरुवातीला मी माझं शिकवायचं मराठी बोलत होते. समुद्राचं तापमान, वाऱ्यांची दिशा, वगैरे. निवेदिका मुलीनं मला दोनदा थांबवलं. ‘मॅडम, प्रेक्षकांसाठी एका शब्दात सांगा, हो की नाही?’ मी म्हटलं, एका शब्दात लग्नसुद्धा ठरत नाही. मग तिनं भावाकडे माइक वळवला आणि त्यानं चौकातलं सगळं पुन्हा म्हटलं, या वेळी जरा शहरी करून. समोरच्या पडद्यावर आम्हा दोघांचे चेहरे समोरासमोर लावले होते, मध्ये विजेची रेघ. खाली लिहिलं होतं, ‘बहीण विरुद्ध भाऊ’.

मला राग आला. त्याचा नाही, त्या रेघेचा. आमच्या आईनं आम्हाला एका ताटात जेवू घातलं, आणि ही कोण आमच्यामध्ये रेघ ओढणार? मी माइकचा, मुलीचा, कॅमेऱ्याचा विचार सोडून सरळ त्याच्याकडे वळले आणि घरच्या बोलीत विचारलं,

‘दादा, दोन सालापासून मले रोडग्याले काहून नाई बोलावलं?’

मुलगी गोंधळली. भाऊ बाकी कशाबद्दलही चौकात काहीही बोलेल, पण बागेबद्दल खोटं त्याच्या तोंडून निघत नाही. वडिलांचा तो एक धाक त्याच्यात उरला आहे.

‘रोडगे केलेच नाई,’ तो म्हणाला. ‘ताणच नाई तोडला मी. पावसानं तोडला. भर पुसात येऊन गेला. दोन वर्सं झाले...’

‘एक छोटासा ब्रेक घेऊया,’ मुलगी म्हणाली. तिच्या कानात कोणीतरी तसं सांगितलं असावं.

ब्रेकनंतर विषय पंख्यांच्या आणि कूलरच्या खरेदीवर गेला.

बाहेर पडल्यावर आम्ही बसस्टँडसमोर चहा प्यायला बसलो. त्याच्या गालावरची पावडर घामानं ओघळली होती. मी म्हटलं, ‘तुले सगळं माहीत हाये. मंग चौकात नाई काहून म्हणते?’

त्यानं बशीत चहा ओतला, प्याला नाही. ‘तू म्हणते थे खरं मानलं तं मले बाग तोडा लागते,’ तो म्हणाला. ‘बाबानं लावलेली बाग. मंग मी खरं कायले मानू? अजून एक साल पाऊस नीट राह्यला तं?’

वर्गात अशा प्रश्नांना उत्तरं असतात. मी त्याला म्हटलं, न मानल्यानं पाऊस थांबणार हाये का? तो म्हणाला, मानल्यानं थांबते का? आम्ही दोघं हट्टी बापाची हट्टी लेकरं आहोत. चहा तसाच टाकून तो उठला आणि रिद्धपूरच्या जीपमध्ये जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी वाहिनीनं चर्चेचा तुकडा टाकला. त्यात आधी त्याचं ‘बदल गिदल काई नाई’, मग माझा संतापलेला चेहरा, मग माझा रोडग्यांचा प्रश्न, त्याचं ‘रोडगे केलेच नाई’ आणि मागे हसण्याचा आवाज भरलेला. संपलं. ताण नाही, पूस नाही, पाऊस नाही. वर मथळा, ‘हवामानाच्या चर्चेत रोडग्यांवरून बहीण-भावात जुंपली’. पापडाच्या वेळेसारखीच हसऱ्या चेहऱ्यांची रांग खाली आली. आमच्या स्टाफरूममधल्या एकानं तर मला विचारलं की मॅडम, मग मिळाले का रोडगे? त्याला मी जे सुनावलं ते तो विसरणार नाही.

मी वाहिनीला फोन केला. म्हटलं, त्याचं वाक्य पूर्ण दाखवा. मुलगी म्हणाली, मॅडम, पूर्ण कोण बघतं? मी पुन्हा केला. मग त्यांच्या सरांना केला. सर म्हणाले, तुमच्यामुळे विषय घराघरांत पोचला, आनंद माना. मी म्हटलं, विषय नाही पोचला, रोडगा पोचला. त्यांनी फोन ठेवला, मी पुन्हा लावला, त्यांनी तो उचलला नाही. एका स्थानिक पेपराला मी पत्र लिहून पाठवलं. ते छापून आलं, पण अर्धं. दोन्ही बाजू असाव्यात म्हणून बाजूला एका वाचकाचं मत होतं की हवामान हा दैवाचा भाग आहे.

भावानं माझ्याशी बोलणं टाकलं. गावात त्याला लोक रोडगेवाले म्हणून हाक मारत होते, असं वहिनीनं सांगितलं. त्याचं म्हणणं, घरची गोष्ट चारचौघांत काढायची नव्हती. राखी मी पोस्टानं पाठवली, त्यानं ती बांधली एवढं कळलं. वहिनी म्हणाली, एकदा माफी मागून टाक ना बाई. मी मागितली नाही. मी खरं विचारलं होतं, आणि त्यानं खरं सांगितलं होतं. आमच्या दोघांपैकी कोणीच काही वाईट केलं नव्हतं. ज्यांनी वाक्य तोडलं त्यांनी माफी मागावी.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. हिवाळ्यात अकोल्याला दोन-तीन दिवस नुसतं ढगाळलं, पाऊस काही पडला नाही. मी रोज आकाशाकडे बघून रिद्धपूरच्या बाजूला हात जोडायची. भूगोलाची बाई आणि हात जोडते, म्हणून नवरा चिडवायचा. जोडते, काय करणार आहेस?

जानेवारी संपत आला होता. एका सकाळी भावाचा फोन आला, इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच. ‘उद्या येजो,’ तो म्हणाला. ‘रोडगे करून राह्यलो.’

एवढंच बोलून त्यानं ठेवलं. मी खुर्चीत बसले आणि रडले, खरंच सांगते. ताण टिकला, बाग वाचली, भाऊ बोलला. वहिनीसाठी साडी घेतली. बसमध्ये बडनेऱ्यापर्यंत मी मनातल्या मनात त्याच्याशी होणारं भांडण घोळवत होते. एक साल बहार आला म्हणजे काही बदललं नाही असं तो म्हणेल, त्यावर मी काय म्हणेन, सगळं ठरवलं होतं.

शेताच्या वळणावर जीपमधून उतरले तेव्हा आरा मशीनचा आवाज ऐकू आला.

अर्धी बाग आडवी झाली होती. पडलेल्या झाडांवर कोवळी, चकचकीत पालवी होती. फूल एकही नव्हतं. विहिरीजवळची एक ओळ तेवढी उभी होती, तिच्या सावलीत वहिनी कणीक मळत होती आणि निखारे तयार होते. भाऊ पांढऱ्या शर्टात बांधावर उभा होता.

‘इकडं लय पडला पुसात,’ तो म्हणाला. ‘आता तीन वर्सं झाले.’

‘मंग रोडगे कायचे?’

‘काम सुरू करतानी करतो ना? बंद करतानीही करा लागते.’

मी त्याच्या शेजारी उभी राहिले. माझं म्हणणं खरं ठरलं होतं, आणि त्या क्षणी मला ते नको होतं. पण खोटं करायची सोय नव्हती.

तेवढ्यात रस्त्यावर गाडी थांबली. वाहिनीला कोणीतरी कळवलं होतं. तीच मुलगी आणि तिचा कॅमेरावाला झाडं ओलांडत आले. तिनं मला ओळखलं, नमस्कार केला, आणि भावाला म्हणाली, ‘काका, त्या तोडलेल्या झाडाजवळ जरा डोक्याला हात लावून बसता का? दोनच मिनिटं.’

‘कायले?’ भाऊ म्हणाला. ‘माहं डोकं दुखत नाई.’

‘म्हणजे तुमचं दुःख लोकांपर्यंत पोचेल.’

भावानं हात वर करून आरा मशीन थांबवायला लावली.

‘उन्हायात मी बोलत होतो तवा तुमी मले मधातून कापलं,’ तो म्हणाला. आवाज चढवला नाही. ‘झाड काहून फुलत नाई थे सांगतलं तं तुमाले नको. झाड पडलं की मंग तुमी येता. माहं वाक्य अगोदर पूर्ण दाखवा. मंग बाग दाखवतो.’

‘काका, ते रेकॉर्डिंग आता आमच्याकडे राहिलं नाही.’

‘मंग कॅमेरा वावराबाहेर न्या. तुमी जेवून जा, रोडगे तयार हायेत. पण कॅमेरा गाडीत.’

कॅमेरावाल्यानं मुलीकडे पाहिलं. मुलीनं फोन काढला, सरांना लावायला. मी पुढे होऊन म्हटलं, ‘त्यांना सांग, मालकानं मनाई केली आहे. आणि सांग की त्यांची बहीणही इथे उभी आहे, ती जरा जास्त वाईट आहे.’ मुलीनं फोन लावला नाही. कॅमेरा गाडीत गेला. दोघं खरंच जेवायला बसले, कॅमेरावाल्यानं वांग्याची भाजी दोनदा घेतली. मुलगी खाली मान घालून खात होती. मग हळूच मला म्हणाली, ‘मॅडम, ताण म्हणजे नेमकं काय असतं?’

मी तिला सांगितलं. सगळं सांगितलं, समुद्रापासून देवघरातल्या फ्यूजपर्यंत, आणि एकदाही तिला मध्ये बोलू दिलं नाही. तिनं ऐकून घेतलं. त्या संध्याकाळी त्यांच्या वाहिनीवर आमच्या बागेची बातमी नव्हती. दुसऱ्या कोणाच्या तरी बागेची होती, आणि त्या बागेत एक माणूस डोक्याला हात लावून बसला होता.

गाडी गेल्यावर आरा पुन्हा सुरू झाला. आम्ही विहिरीच्या काठावर बसलो. मी भावाला विचारलं, ‘त्या दिवशी तू पुढं काय म्हणणार होता? दोन वर्सं झाले, अन् मंग?’

‘तुह्या हवामानाचं मी काई म्हणणार नव्हतो,’ तो म्हणाला. ‘थे तुहं तू पाय.’ मग त्यानं सांगितलं. एवढा धिप्पाड माणूस, गावात ज्याच्यासमोर कोणी मोठ्यानं बोलत नाही. सांगताना त्याचा आवाज जराही हलला नाही.

मी म्हटलं, ‘हे मी लिहिणार हावो.’

‘लिही,’ तो म्हणाला. ‘पण मधातून कापू नको.’

म्हणून इथे ते वाक्य आहे तसं ठेवते. याला दुसरी बाजू नाही, आणि असली तरी तिला मी जागा देणार नाही. ‘ताण मी नाई तोडला, पावसानं तोडला. दोन वर्सं झाले, मले माह्याच बागेत जायले भेव वाटते.’